ओटा नवा, बोजा जुना

आपली माणसं घर बघायला गेली की आधी स्वयंपाकघरात शिरतात. कॅलिफोर्नियात, सनीवेलला घर घेतलेल्या माझ्या भाच्यानंही व्हिडिओ कॉलवर आधी ओटाच दाखवला. पांढराशुभ्र क्वार्ट्‌झ, खाली नवी कपाटं, स्विचवरचं प्लास्टिकसुद्धा अजून न काढलेलं. विकणाऱ्यानं घर नुकतंच नवं करून घेतलं होतं. खरेदीनंतर दीड महिन्यानं पत्र आलं. ओटा बसवणाऱ्याला ठेकेदारानं पैसे दिलेले नाहीत, सबब घरावर बोजा.

तिकडे याला मेकॅनिक्स लीन म्हणतात. काम करणारा किंवा माल पुरवणारा, ज्याचे पैसे थकले, तो थेट घरावर हक्क सांगतो. कॅलिफोर्नियात काम संपल्यावर ९० दिवसांपर्यंत बोजा नोंदवता येतो. काम संपल्याची रीतसर नोंद झाली असेल तर मुदत कमी. म्हणजे खरेदीच्या दिवशी सर्च रिपोर्ट स्वच्छ निघतो आणि बोजा मागाहून येतो. भाच्याच्या टायटल इन्शुरन्समधून, म्हणजे मालकीहक्काच्या विम्यातून, नोंद न झालेले बोजे वगळलेलेच होते.

ओटा बसवणाऱ्यावर मी रागावणार नाही. त्यानं घाम गाळलाय. असा कायदा मेरीलँडनं १७९१ सालीच केला, वॉशिंग्टन शहर उभं राहत होतं तेव्हा. कॅलिफोर्नियाच्या तर राज्यघटनेतच हा हक्क आहे. आपल्याकडे ठेकेदारानं मुकादमाला बुडवलं, मुकादमानं बिगाऱ्याला, की बिगारी पाटी-फावडं उचलून पुढच्या साइटवर जातो. त्यानं बांधलेल्या भिंतीवर त्याचा काडीचा हक्क नसतो. याची मला लाज वाटते.

राग आहे तो पैसे खिशात घालून मोकळ्या झालेल्या ठेकेदारावर. आणि हिशेब पुरा झाला की नाही हे न बघता घर विकणाऱ्यावर.

तेव्हा तिकडे घर घेणाऱ्या प्रत्येकाला सांगणं आहे: ताजं काम दिसलं की कोणी केलं ते नावानिशी विचारा. ठेकेदाराचंच नाही, फरशीवाला, वायरमन, प्लंबर प्रत्येकाचं पूर्ण पैसे मिळाल्याचं विनाअट मुक्तिपत्र मागा. इन्शुरन्समध्ये नोंद न झालेले बोजे घालून घ्या. विकणारा कागद देत नसेल तर मुदत टळेपर्यंत थोडी रक्कम एस्क्रोत, म्हणजे त्रयस्थाकडे, अडकवून ठेवा. आणि बोजा आलाच, तर घाबरून लगेच चेक फाडू नका. नोंदवल्यापासून ९० दिवसांत पैसे मागणाऱ्यानं दावा लावला नाही, तर कॅलिफोर्नियात तो बोजा वसूल करता येत नाही. आधी वकील गाठा.