वहीसाठी वाचन

माणूस आधी वाचतो आणि मग वहीत टिपतो, असा एक भाबडा समज आहे. वाचनवही जुनी झाली की कारभार उलटा होतो. रात्री झोपायच्या आधी कोरं पान समोर येतं आणि त्याची लाज वाटून मी काहीतरी वाचायला घेतो. अगदीच काही हाती लागलं नाही तर पेपरातले लासलगावचे कांद्याचे भाव. तेही वाचनच की! शिवाय त्यात कथानक बरं असतं : चढउतार, दगाफटका आणि शेवटी शेतकऱ्याची शोकांतिका.

या खोडीला परंपरा मोठी आहे. डार्विन 1838 पासून वाचलेल्या आणि वाचायच्या पुस्तकांच्या याद्या ठेवत असे. गायक आर्ट गारफंकलने 1968 पासून वाचलेलं प्रत्येक पुस्तक टिपून ठेवलं. आपल्या गोविंद तळवलकरांच्या वाचनातून तर ‘वाचता वाचता’ हे पुस्तकच उभं राहिलं. माझ्या याद्यांतून आजवर फक्त उशिराच्या दंडाच्या पावत्या निघाल्या.

आमचं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे ‘सावाना’, 1840 सालचं. एवढ्या जुन्या ग्रंथसंपदेपुढे उभं राहिल्यावर माणसाने नम्र व्हावं. मी डिसेंबरात तिथे बोटाने पुस्तकांची जाडी मोजत असतो. वर्षाची यादी भरायची असते ना! कवितासंग्रह, एकांकिका, आणि टाइप मोठा असेल तर चरित्रसुद्धा. ऐन थंडीत जाडजूड रशियन कादंबरी घरी नेणारा वाचक दिसला की मी ओळखतो, याच्याकडे वही नाही.

अभिप्रायासाठी तारे-बिरे मी देत नाही. नाशिककराला मोजपट्टी एकच ठाऊक, गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती. पुराचं पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की लोक पोराबाळांसह बघायला निघतात, कमरेला लागलं की दुकानदार माल हलवायला घेतात, आणि गळ्याशी आलं की सगळं गाव एकमेकांना फोन करत सुटतं. मी पुस्तकांनाही तीच मापं लावली. बहुतेकांपुढे ‘पावलं भिजली’ असतं. थोड्यांपुढे ‘कमरेला’. एका नामवंत समीक्षाग्रंथापुढे ‘डोक्यावरून’ लिहिलंय. हे कौतुक की कबुली, ते बाहेरच्याला कळत नाही; या पद्धतीचा खरा फायदा तोच.

डिसेंबर 2021 मध्ये साहित्य संमेलन नाशकात, आडगावला भरलं. तिथून पुस्तकांच्या दोन पिशव्या उचलल्या. वहीत त्यांच्यापुढे ‘आणली’ असं ठसठशीत लिहिलेलं आहे. त्यानंतर त्यांचा उल्लेख नाही.

या वह्यांना वाचक मात्र आहे, आणि तो घरातच आहे. समासात मी बाकीचंही खरडत असतो : लाइट गेली, गवंडी आलाच नाही, मिक्सर दुरुस्तीला टाकला. त्यामुळे घरात तारखेवरून वाद झाला की सौभाग्यवती कपाटातून वह्यांचा गठ्ठा काढते. मी उत्साहाने एखाद्या कादंबरीवरचं टिपण वाचून दाखवू लागलो तर म्हणते, ‘‘अहो, पुस्तकांचं राहू द्या. मिक्सरचं काय ते बघा.’’

परवा असंच काहीतरी शोधताना तिला ‘दिवसभर वाचन’ अशी एक भारदस्त नोंद सापडली. तिने तारीख पाहिली आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलं, ‘या दिवशी आपण सिन्नरला माझ्या भावाच्या साखरपुड्यात होतो. तुम्ही तीनदा जिलबी मागून घेतलीत.’

मी खाली लिहून ठेवलं, ‘निमंत्रणपत्रिका वाचली होती. कमरेला.’