बुडालेली गावं, तरंगती खाती

उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं आणि भीमाकाठची कितीतरी गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ डोकं वर काढतं. धरणाकाठच्या एका कचेरीत मात्र बदलून गेलेले साहेब संगणकावर बारमाही वर असतात.

मायक्रोसॉफ्टनं विंडोज 2000 सोबत ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणली, ती कोण कुठल्या गटात आणि कोणी काय उघडायचं याची एकच नोंदवही असावी म्हणून. इथं गटही एकच: सर्वाधिकारी! कारकुनापासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यात. पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर, संकष्टीच्या चौकटीत. निवृत्ताचं खातं बंद करायचं तर म्हणे ‘लेखी आदेश आणा’. नव्या पोराचं उघडायलाही आदेशच लागतो, म्हणून तो निवृत्ताच्या नावानंच बसतो आणि सह्याही बहुधा त्याच्याच ठोकतो.

काढून टाकलेलं खातंसुद्धा ही व्यवस्था लगेच पुसत नाही. नव्या मांडणीत ते 180 दिवस जपून ठेवते. धरणग्रस्ताच्या अर्जाला एवढी माया कुणी लावली?

तेव्हा सिस्टिमवाले भाऊ, निरोपाचा नारळ देता त्याच दिवशी खातंही बंद करा. आदेश मागाहून येईल.