सुसंस्कृत कुरकुर

नुसती कुरकुर करणाऱ्या माणसाला हिंगोलीत कुणी खुर्ची देत नाही. तोच माणूस ‘आय ॲम डीपली डिसग्रंटल्ड’ म्हणाला, की पंखा त्याच्याकडे वळवतात. हा शोध मला नोकरीत असतानाच लागला होता. निवृत्त झाल्यावर मी त्यावर रीतसर जम बसवला. इंग्रजी शिकवण्यात हयात गेली. पोरांना शेक्सपिअर किती कळला ते देव जाणे, पण नाराजीच्या इंग्रजी शब्दांचा माझ्याइतका साठा पंचक्रोशीत कुणाकडे नाही. भाजीत मीठ कमी पडलं की मी ‘पीव्हिश’ होतो. लाइट गेली की ‘क्वेरुलस’. पुण्याच्या मुलाचा रविवारी फोन आला नाही, की मला जे होतं ते थेट ‘मेलँकली’. बायको या सगळ्याला एकच शब्द वापरते : किटकिट.

तिला काय सांगणार? ‘मॅलकंटेंट’ हा इंग्रजी रंगभूमीवरचा मानाचा प्राणी होता. जॉन मार्स्टनचं त्याच नावाचं नाटक १६०४ साली छापलं गेलं. काळे कपडे, कोपऱ्यातली जागा, जगाबद्दल एकही बरा शब्द नाही. हॅम्लेट त्याच भावकीतला. आता ‘डिसग्रंटल्ड’ची कुळी काढायला गेलं तर ‘ग्रंटल’ म्हणजे डुकरागत गुरगुरत राहणं निघतं, आणि पुढचा ‘डिस’ नकाराचा नसून गुरगुरीत भर घालणारा आहे. पण पंखा वळवून मिळतोय तोवर हे कुणाला सांगायचं कारण नाही.

आपल्याकडे या धंद्याला प्रतिष्ठा दिली ती एका इंग्रजानंच. व्हॅलेंटाइन चिरोलनं १९१० साली टिळकांना भारतीय असंतोषाचे जनक ठरवलं, ते शिवी म्हणून. टिळकांनी लंडनला जाऊन त्याच्यावर बदनामीचा दावा लावला, १९१९ साली तो हरले, आणि आपण ती शिवी पदवी म्हणून पुतळ्याखाली कोरली. माझ्या निरोप समारंभाच्या पत्रिकेवरही ‘हिंगोली जिल्ह्यातील असंतोषाचे’ एवढं तरी छापावं, अशी माझी फार इच्छा होती. छापलं ‘शांत व मनमिळाऊ’.

पण माझा खरा लाडका शब्द ‘कर्मजन’. म्हणजे खडूस, कुरकुऱ्या, बहुधा म्हातारा. देवनागरीत लिहिला की एखादा संप्रदाय वाटतो. शेजारच्या माळकरी तात्यांनी तर ऐकून हात जोडले. हा शब्द आला कुठून, ते अजून कुणाला ठाऊक नाही. डॉ. जॉन्सनच्या १७५५च्या कोशात मात्र एक व्युत्पत्ती आहे : फ्रेंच ‘कर मेशाँ’, म्हणजे दुष्ट काळीज. ती जॉन्सनला कुणा अनोळखी पत्रलेखकानं कळवली होती. जॉन्सन प्रामाणिक. त्यानं तिथंच नोंद केली की हे अनोळखी पत्रलेखकाकडून. वीस वर्षांनी, १७७५ साली, जॉन ॲश नावाच्या गृहस्थांनी आपला कोश काढला. त्यांनी जॉन्सनचा माल उचलला, पण फ्रेंचची बोंब. त्यांनी छापलं : ‘कर’ म्हणजे अनोळखी, आणि ‘मेशाँ’ म्हणजे पत्रलेखक!

ही गोष्ट मी लग्नात सांगितली आहे, बारशात सांगितली आहे, एकदा दहाव्याला नदीवर कावळ्याची वाट पाहत असतानाही सांगितली आहे. कावळा लगेच शिवला. आणि दरवेळी माझं मत पक्कं होत गेलं, की ॲशसाहेबांचं फ्रेंच कच्चं असेल, निरीक्षण पक्कं होतं. कुरकुऱ्या माणूस म्हणजे अनोळखी पत्रलेखक, यात चूक काय? आमच्याकडच्या कुठल्याही कार्यालयातलं कपाट उघडा. ‘एक त्रस्त नागरिक’, ‘एक जागरूक पालक’, ‘आपलाच एक हितचिंतक’, ‘समस्त गावकरी’. या समस्त गावकऱ्यांचं अक्षर एकच असतं, आणि ते कुणाचं हे शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. १९९९ साली परभणीतून जिल्हा वेगळा झाला, त्याचा सगळ्यात मोठा फायदा या मंडळींना झाला. निनावी पत्र टाकायला परभणीपर्यंत जावं लागत नाही.

वास्तविक या मातीची परंपरा निनावी तक्रारीची नव्हे. नर्सी इथून जवळ. नामदेवांनी विठ्ठलाशी केवढी भांडणं काढली, पण प्रत्येक गाऱ्हाण्याखाली ‘नामा म्हणे’ अशी सही ठोकली. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी डोक्यावर थापटणं मारून त्यांना कच्चं मडकं ठरवलं, तेव्हा ते तडक पंढरपूरला गेले आणि थेट सर्वोच्च पातळीवर तक्रार नोंदवली. तिथून उत्तर काय मिळालं? औंढ्याला विसोबा खेचरांकडे जा. वर केलेली तक्रार फिरून आपल्याच जिल्ह्याकडे वर्ग होते, ही पद्धत आमच्याकडे इतकी जुनी आहे.

एक रुपयातला पीकविमा होता तेव्हाची गोष्ट. सेनगावकडचे एक शेतकरी, माझ्या जुन्या विद्यार्थ्याचे वडील, भरदुपारी भिजून आले. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात होतं. नुकसान ७२ तासांच्या आत कळवायचं, असा नियम होता. ॲप उघडत नव्हतं, फोनवर नुसतं गाणं वाजत होतं.

“सर, तुमी इंग्लिशमधी लिवा. इंग्लिश पाहिलं की सायेब लोकं दचकतेत.”

मला कुणी म्हणायचाच अवकाश. मी ‘ॲग्रीव्ह्ड’ घातला, ‘अँग्विश’ घातला, शेवटच्या परिच्छेदात तर साक्षात ‘डिसकन्सोलेट’ बसवला. मोठ्यानं वाचून अर्थही सांगितला. ते मान खाली घालून ऐकत होते.

“लई भारी झालं. पर सर, याच्यात सोयाबीन कुठं हाय?”

मग त्यांनीच सांगितलं. परवा गुडघ्याइतकं पाणी होतं. काल ओसरलं, पुन्हा भरलं. आज शेंगांना झाडावरच कोंब आले. एवढंच. त्यात दुःखाचा एकही शब्द नव्हता.

माझ्या मेलँकलीला मुदत नाही. ती मी हवी तेवढी वर्षं, पंख्याखाली बसून, वापरू शकतो. मुदत होती त्याला, ज्याच्या वावरात जायला चिखलातून वाट उरलेली नव्हती, आणि त्यानं तिथं जाऊन उभ्या पिकाचे फोटो काढून ७२ तासांत कळवायचं. ज्यानं हा नियम लिहिला त्यानं आयुष्यात ओल्या वावरात पाय टाकला नसावा. त्या दुपारी मला खराखुरा संताप आला आणि त्या संतापाला साठ्यातला एकही इंग्रजी शब्द चालेना. मी तो कागद बाजूला ठेवला आणि मराठीत लिहिलं : गट नंबर, क्षेत्र, पेरणीची तारीख, पाणी किती दिवस, कोंब आलेलं पीक किती. खाली त्यांनी सही केली, वडिलांच्या नावासकट पूर्ण, सावकाश. विमा किती मिळाला ते सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही हसाल, आणि हा विनोदी लेख असला तरी तिथं हसलेलं मला चालणार नाही.

तेव्हापासून माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्यांची संख्या वाढली आहे. बायकोच्या मते, घरातली किटकिट तेवढ्या वेळापुरती बाहेर जाते, त्यामुळे तिची हरकत नाही. यायचं असेल त्यांनी जरूर यावं. सातबारा आणि आधारची झेरॉक्स आणावी, विशेषणं आणू नयेत. निनावी अर्ज लिहून दिले जाणार नाहीत.