नातेसंबंध एका रात्रीत

धारवाडच्या सप्तापूर भागात मोकळी भिंत सापडणे कठीण असून, जी थोडीफार सापडते तिच्यावर ‘नातेसंबंध एका रात्रीत’ अशा अर्थाचा कन्नड-इंग्रजी मिश्र कागद खळीने चिकटवलेला असतो. ही वधूवरसूचक मंडळाची जाहिरात नसून स्पर्धा परीक्षेच्या शिकवणीची आहे आणि नातेसंबंध हे मानवशास्त्रातील एका प्रकरणाचे नाव आहे, एवढा खुलासा परगावच्या वाचकासाठी पुरेसा आहे. एका रात्रीत जडणारे नातेसंबंध मानवजातीला अपरिचित नाहीत. ते पाठ करून सकाळी उत्तरपत्रिकेत उतरवण्याची सोय मात्र नवी आहे.

माणसाचा देह, भाषा, समाजरचना आणि चालीरीती यांचा एकत्र अभ्यास करणारे शास्त्र ते मानवशास्त्र, अशी व्याख्या विद्यापीठीय ग्रंथांत आढळते. सप्तापुरात रूढ असलेली व्याख्या अधिक नेमकी आहे: ज्याचा अभ्यासक्रम भूगोलापेक्षा आखूड असतो आणि ज्यात आकृती काढली की गुण पडतात, तो ऑप्शनल म्हणजे मानवशास्त्र. नागरी सेवांच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून उमेदवाराला दोनऐवजी एकच वैकल्पिक विषय घ्यावा लागतो, त्याच्या प्रत्येकी २५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात आणि लेखी परीक्षेच्या १७५० गुणांपैकी ५०० गुण त्या एका विषयावर लटकलेले असतात. यास्तव ज्या स्थापत्य अभियंत्याने पदवीच्या चार वर्षांत माणसाचा विचार जिन्याची रुंदी ठरवण्यापुरताच केलेला असतो, तोही पाचव्या वर्षी माणसाच्या शास्त्राकडे वळतो. विषयाचे पूर्ण नाव उच्चारण्यात जाणारा वेळ वाचावा म्हणून त्याला ‘अँथ्रो’ म्हणतात.

ज्या आकृतीवर ही सारी मदार आहे तिची रचना अशी: त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, त्या दोहोंमधील बरोबरीचे चिन्ह म्हणजे विवाह, खाली उतरणारी उभी रेघ म्हणजे अपत्य, डोक्यावरून जाणारी आडवी रेघ म्हणजे भावंडे आणि चिन्हावर मारलेली तिरकी रेघ म्हणजे मृत्यू. (विवाहासाठी बरोबरीचे चिन्ह योजणारा गृहस्थ विवाहित असण्याची शक्यता कमी दिसते.) ज्या व्यक्तीपासून नाती मोजायची तिला ‘इगो’, म्हणजे ‘अहं’, म्हणतात आणि तिचे चिन्ह रंगवून भरीव करतात. आकृतीमागची पद्धत डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या इंग्रज वैद्यकाची. १८९८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर गेला असता त्याने एकेका माणसाला समोर बसवून आईचे, बापाचे, भावंडांचे, मुलांचे नाव विचारले आणि त्या उत्तरांतून वंशावळी मांडल्या. पुढे तीच पद्धत घेऊन तो निलगिरीच्या टोडा लोकांत गेला आणि १९०६ मध्ये त्याने त्यांच्यावरचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. अनेक दिवसांच्या बोलण्याचा गाळ खाली बसल्यावर जे वर उरते, ती आकृती. सप्तापुरात आकृतीपासून आरंभ होतो आणि तिथेच समाप्ती होते. मधले बोलणे अभ्यासक्रमाबाहेरचे म्हणून वगळलेले आहे.

आकृती शिष्यापर्यंत झेरॉक्सच्या मार्गाने पोहोचते आणि या मार्गाचे काही परिणाम शास्त्राच्या दृष्टीने दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. ज्या नोट्सवरून प्रती काढल्या जातात त्या स्वतःच प्रतीची प्रत असतात, त्यांना वंशावळ असते पण मूळपुरुष नसतो, आणि प्रत्येक पिढीत शाई थोडी पसरते व थोडी उडते. सातव्या-आठव्या पिढीच्या सुमारास बरोबरीच्या चिन्हातील एक रेघ उडून जाते. उरलेली एकच आडवी रेघ भावंडांची खूण असल्याने नवरा-बायको बहीण-भाऊ होतात, त्यांच्याखाली लोंबणारे अपत्य अडचणीत सापडते, आणि मानवी समाजात जवळपास सर्वत्र निषिद्ध मानलेला, ज्यास शास्त्रात निकटाप्तसंभोग म्हणतात, तो प्रकार एका रुपयाच्या प्रतीत सरसकट चालू होतो. जेथे शाई पसरते तेथे याच्या उलट घडते: पोकळ चिन्हे काळी होऊन भरीव होतात आणि भरीव चिन्ह ही ‘अहं’ची खूण असल्याने त्या कुटुंबातला जो तो स्वतःपासून नाती मोजू लागतो, ही अवस्था प्रत्यक्षातील कुटुंबांशी बरीच मिळतीजुळती असली तरी नोट्समध्ये ती अभिप्रेत नसते. मशीनच्या काचेवर माशी बसलेली असल्यास कुटुंबात एक जास्तीचा इसम दाखल होतो आणि विद्यार्थी त्यास घरजावई समजून पाठ करतो. एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरकडच्या एका खेड्यात राहून केलेल्या टिपणांच्या, प्रक्रिया करून ठेवलेल्या तिन्ही प्रती १९७० मध्ये अमेरिकेत लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या, आणि तरीही त्यांनी स्मरणाच्या आधारे १९७६ मध्ये त्या खेड्यावर एक अव्वल पुस्तक प्रसिद्ध केले. सप्तापुरातील नोट्सना आग लागण्याचा धोका नाही, कारण त्या प्रत्येक खोलीत आहेत. आणि त्या जळाल्याच, तर स्मरणातून लिहिण्यासारखे कोणाजवळ काय सापडेल याचा अंदाज करणे क्लेशकारक आहे.

निकालाच्या दिवशी हीच आकृती नोट्समधून उठून फ्लेक्सवर जाते. उत्तीर्ण झालेला एकच उमेदवार चौकातल्या पाच फलकांवर पाच निरनिराळ्या शिकवण्यांचे अपत्य म्हणून झळकतो, आणि एका मुलास पाच बाप ही गोष्ट सामान्य नागरिकास चमत्कारिक वाटली तरी शास्त्रास ती ठाऊक आहे. टोडांमध्ये एका स्त्रीचा विवाह सख्ख्या भावांशी मिळून होत असे, त्यामुळे मुलाचा बाप कोण हा प्रश्न देहावरून सुटत नसे. गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात जो पुरुष समारंभाने स्त्रीस धनुष्यबाण देई तो बाप ठरे, मग जन्मदाता कोणीही असो. सप्तापुरात धनुष्यबाणाची जागा फ्लेक्सने घेतली आहे. जो सकाळी सातच्या आत लावील तो बाप. काही समाजांत बायको बाळंत होत असता नवराही अंथरूण धरतो, पथ्यपाणी पाळतो आणि भेटीस येणाऱ्यांचे अभिनंदन स्वीकारतो. या चालीस ‘कूवाद’ असे नाव असून तिच्यासाठी दूर देशीची उदाहरणे देण्याची गरज नाही. कळा ज्याने सोसल्या तो उमेदवार चार वर्षांच्या जागरणाने हाडाचा सापळा होऊन गावी निजलेला असतो आणि हार शिकवणीच्या संचालकाच्या गळ्यात पडतात, पेढा त्याच्या तोंडात जातो, आणि थकवाही त्यालाच आलेला दिसतो.

या सर्व व्यवहारात जी गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही ती अशी की, विद्यार्थी ज्या घराच्या माडीवर ही आकृती घोकतो त्या घराच्या तळमजल्यावर ती आकृती भाकऱ्या थापत असते. धारवाडच्या मुलखात मोठ्या बहिणीची मुलगी करण्याची रूढी जुनी आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मामा-भाचीचे नाते निषिद्ध असले, तरी जेथे रूढी आहे तेथे त्याच कायद्याने वाट मोकळी ठेवली आहे. अशी भाची घरमालकीण झालेली असेल तर तिची आजी हीच तिची सासू, तिची आई हीच तिची नणंद, आणि तिच्या मुलांना आईची आई व बापाची बहीण अशा दोन बायका न मिळता एकच मिळते. कागदावर हे काढू गेल्यास बरोबरीचे चिन्ह एका पिढीतून दुसऱ्या पिढीत तिरके जाते, म्हणून शिकवणीत ही आकृती ‘फार विचारत नाहीत’ या शेऱ्यासह सोडून दिली जाते. कन्नडमध्ये ‘माव’ हा एकच शब्द मामा आणि सासरा या दोघांना लागतो, ‘अत्ते’ हा आत्या आणि सासू या दोघींना. खानापूर-निपाणीकडून येथे आलेल्या मराठी मुलास याचे नवल वाटण्याचे कारण नाही, कारण त्याच्या आजीने जन्मभर सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हटलेले असते. आते-मामे भावंडांत लग्न होते आणि चुलत-मावस भावंडांत होत नाही, हा जो भेद समजावून सांगण्यास इंग्रजी ग्रंथांना अर्धे पान लागते, तो मराठी पोराने चार शब्दांत आईच्या मांडीवर शिकलेला असतो. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतातील नातेव्यवस्थेवरील ग्रंथात देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग पाडले. कर्नाटक दक्षिणेत आणि महाराष्ट्र मध्य विभागात येतो, म्हणजे दोन विभागांची सीमा या मुलाच्या घराच्या आसपासच कोठेतरी आहे. हे सर्व त्याला पाठ असते. विभाग चार, ग्रंथकर्ती कर्वे, साल त्रेपन्न. ‘आजी मामंजी का म्हणत असे’ हा प्रश्न मात्र त्यास पडत नाही, कारण गेल्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिकांत आजी आलेली नाही.

या मुलाच्या तोंडी विषयाचे मराठी नाव कधी आलेच तर ते ‘मानववंशशास्त्र’ असे येते आणि याचा दोष त्याचा नाही, कारण मराठी वृत्तपत्रे तेच छापतात. ‘वंश’ हा शब्द त्या काळचा आहे ज्या काळी नाकाची रुंदी आणि उंची मोजून माणसाची पायरी ठरवता येते असे विद्वान मानत होते आणि १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावत होते. त्याच वंशाच्या खुळाचे माहेर असलेल्या बर्लिनच्या संस्थेत, ऑयगेन फिशर या वंशवादी प्राध्यापकाच्या हाताखाली, इरावती कर्वे यांनी कवट्या मोजल्या आणि १९३० मध्ये डॉक्टरेट मिळवताना कवटीच्या दोन बाजूंतील फरकाचा वंशाशी संबंध लागत नाही असा निष्कर्ष मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध मांडला. पंचविशीतील एका मराठी स्त्रीने बर्लिनमध्ये जो वंश खोटा ठरवला तो तिच्याच भाषेने विषयाच्या पाटीवर शंभर वर्षे टांगून ठेवावा, याला अडाणीपणा म्हणावे की आळस, एवढाच प्रश्न उरतो. मानवशास्त्र हा सुटसुटीत शब्द उपलब्ध आहे आणि तो दोन अक्षरांनी आखूडही आहे, निदान आखूडपणावर भाळणाऱ्यांनी तरी तो वापरावा.

सप्तापुरातून बसने तासाभरात हल्याळ येते. तेथून यल्लापूरपर्यंतच्या रानात सिद्दी राहतात, ज्यांच्या आफ्रिकी पूर्वजांपैकी बरेच पोर्तुगीजांच्या काळात गोव्याच्या वाटेने आले आणि ज्यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्याच रानात म्हशी राखणारे आणि घरात मराठी बोलणारे गवळी धनगर राहतात, ज्यांना तो मिळालेला नाही. सिद्दी हा दीडशे शब्दांच्या टिपेचा विषय असल्याने माडीवर परिचित आहे; गवळी धनगर विचारला जात नसल्याने नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे जमातींच्या यादीबाहेरच्या वननिवाशाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा रहिवास दाखवावा लागतो, एक पिढी २५ वर्षांची, म्हणजे ७५ वर्षे. ज्या घराण्याने म्हशींमागे रान बदलले त्याच्याजवळ ७५ वर्षांपूर्वीचा कागद कोठून असणार, हे कायदा करणाऱ्यांना कळत होते, म्हणून नियमांत वडीलधाऱ्यांचा जबाब आणि वंशावळ यांनाही पुरावा मानले आहे. तीन पिढ्यांची वंशावळ! वर दोन चिन्हे, मध्ये चार, खाली अहं. जी आकृती पट्टी लावून, दोन रंगांत, सात मिनिटांत काढण्याचा सराव माडीवर रोज रात्री चालतो तीच ही, फरक एवढाच की येथे त्रिकोणाला नाव आहे, वर्तुळाला माहेरचा गौळवाडा आहे आणि तिरक्या रेघेमागे वाघाने नेलेला किंवा तापाने गेलेला माणूस आहे. ती सांगणारा म्हातारा कचेरीच्या ओट्यावर बसलेला असतो. त्याला नावे विचारायला रिव्हर्सची विद्वत्ता नको, अर्धा दिवस आणि एक सतरंजी पुरते. पण आकृतीवर गुण मिळवून खुर्चीत बसलेल्या अशा एखाद्या अधिकाऱ्याने ‘कागदोपत्री पुरावा नाही’ असा शेरा मारून तो दावा परत पाठवला, तर त्याला वंशावळ शिकवणाऱ्या शिकवणीचा परवाना, त्याला पास करणारी प्रश्नपत्रिका आणि त्याने मिळवलेले ते ५०० पैकी कितीतरी गुण चुलीत घालावेत, निदान म्हाताऱ्याचा चहा तरी होईल.

भिंतीवरचा कागद दर आठवड्यास बदलतो. नातेसंबंधाची रात्र या शनिवारी पार पडली, त्या रात्री तळमजल्यावरची घरमालकीण नवऱ्याला ‘माव’ म्हणून मोठ्याने हाक मारत असल्याने वरच्यांचा अभ्यास मोडत होता व तिला हळू बोलण्याची विनंती करण्यात आली. पुढच्या रविवारी ‘धर्म’ आहे. तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत संपतो.