पलटी ते पिकअप: होतकरूंसाठी मार्गदर्शिका

ज्यांच्या दारात एक धड चालती गाडी आहे, तिच्याबद्दल ज्यांची काही तक्रार नाही, आणि तरीही हायवेवरून जाताना ज्यांची मान भंगारवाल्याच्या कुंपणाकडे आपोआप वळते, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. बाकीच्यांनी शोरूममध्ये जावं. तिथे पिकअप तयार मिळते, हप्ते बांधून मिळतात आणि विकणारा चहा पाजतो. आपल्या मार्गात चहा आपण पाजायचा असतो.

पायरी पहिली: अपघात निवडा

गाडी निवडायची नाही, ती ठरलेली आहे. जिप्सी घ्यायची. जीप घेण्याचा मोह होईल, कारण जीप आपल्याकडे चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून आहे. पण तिच्या पाठीमागे जे जे लादता येतं ते ते, उभं आणि बसलेलं, वडापवाल्यांनी कधीच लादून दाखवलं आहे. तिथे नवं काही करण्यासारखं उरलेलं नाही. जिप्सी १९८५च्या अखेरीस ९७० सीसीचं इंजिन घेऊन आली, १९९६मध्ये १२९८ सीसीची ‘किंग’ झाली, २०००मध्ये कार्बुरेटर टाकून तिनं एमपीएफआय घेतलं आणि २०१९मध्ये ती सामान्य गिऱ्हाइकाला मिळायची थांबली. या सगळ्या काळात चेहरा जवळपास तोच राहिला. खाली शिडीची चेसी, पुढे-मागे अखंड ॲक्सल, चारी चाकांवर पाटे, आणि वर रबरी बुशांवर बोल्टांनी बसवलेली बॉडी. नवशिक्याला जे जे सुटं करावंसं वाटेल ते सगळं सुटं होतं. परत जुळेल का, हा प्रश्न वेगळा. सुझुकीनं हीच लांब चेसी परदेशात पिकअप म्हणूनही विकली, आपल्याला मात्र दिली नाही. तेव्हा आपण मोडतोड करत नसून कंपनीकडची जुनी बाकी वसूल करतोय, असं घरी सांगता येतं.

आता अपघात. समोरून ठोकलेली घेऊ नये. रेडिएटर, स्टिअरिंग, इंजिनाचे माउंट आणि चेसीची पुढची टोकं असं सगळं एकदम गेलेलं असतं, आणि यातलं काहीही बदलायचा आपला बेत नव्हता. मागून ठोकलेली बरी वाटते, कारण मागचा पत्रा नाहीतरी कापायचाच आहे. पण हौदा ज्या चेसीवर बसायचा तीच वाकलेली निघते. घ्यायची ती पलटी खाल्लेली. टप चेपलेला, पुढची काच फ्रेमसकट गेलेली, मागची बाजू आत आलेली. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि भाव पडतो. जे मोडलंय ते बहुतेक आपण कापून टाकणार आहोत, हे भंगारवाल्याला सांगू नये. त्याच्यासमोर टपाकडे बघत मान हलवत राहावं.

पलटी गाडीला लगेच स्टार्टर मारू नका. उलटी पडलेली असताना ऑईल सिलिंडरमध्ये शिरतं. पिस्टनला हवा दाबता येते, ऑईल दाबता येत नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. आधी चारी प्लग काढा, पान्ह्यानं क्रँक हातानंच फिरवा आणि भोकांतून जे उडेल ते उडू द्या. अंगात जुना शर्ट असावा. उत्साही मेहुणा सोबत असेल तर किल्ली आपल्या खिशात असावी.

पायरी दुसरी: कागद

दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी ‘टोटल लॉस’ म्हणते आणि गाडी भंगारात जाते. तिचं आरसी बुक मात्र कधी कधी वेगळ्याच प्रवासाला निघतं. चोरीच्या गाडीचं बारसं करायला त्याचा उपयोग होतो. म्हणून चेसीवर कोरलेला नंबर रॉकेलच्या चिंधीनं पुसा, बॅटरीच्या उजेडात आरसीशी एकेक आकडा जुळवा. आकड्यांच्या आसपास ग्राइंडर फिरल्याची खूण दिसली तर चहा अर्धा टाकून उठा. ‘कागद येतात की, साहेब, पुढच्या आठवड्यात’ या वाक्यातला आठवडा कुठल्याही कॅलेंडरात छापलेला नसतो.

लष्करातून निवृत्त झालेल्या जिप्सी ई-लिलावात निघतात. त्यांचे कागद सरकारी, म्हणून स्वच्छ असतात. गाडी सरकारी असते, म्हणून तिच्यातलं काय काय आधीच निवृत्त झालंय ते उचलायला गेल्यावर कळतं.

पायरी तिसरी: ओळंबा

चेसी सरळ आहे का, हे डोळ्यांना कळत नाही. मिस्त्री एक डोळा मिटून ‘एकदम ओके’ म्हणेल. त्याचा मान ठेवा आणि शेजारच्या बांधकामावरून गवंड्याचा ओळंबा मागून आणा.

गाडी सपाट कोब्यावर घोड्यांवर चढवा. पाट्यांचे हँगर, बॉडीच्या बोल्टांची भोकं अशा डाव्या-उजव्या जोड्या ठरवा. प्रत्येक ठिकाणाहून ओळंबा सोडा आणि तो जिथे स्थिरावेल तिथे जमिनीवर खडूनं फुली मारा. पुढची एक जोडी आणि मागची एक जोडी घेतली की चार फुल्यांचा चौकोन होतो. त्याचे दोन कर्ण टेपनं मोजा. दोन-चार मिलिमीटरचा फरक सोडून द्या. एखाद-दोन सेंटिमीटरचा आला, तर चेसी तिरकी झालेली आहे आणि तुमची पिकअप आयुष्यभर खेकड्याच्या चालीनं चालणार आहे. आठवीत भूमितीच्या तासाला ‘याचा पुढे उपयोग काय?’ असं विचारल्याबद्दल ज्यांना छडी बसली होती, त्यांना इथे उत्तर मिळेल.

फुल्या फक्त आडवा वाक दाखवतात. पीळ बघायला चेसीवर पुढे एक आणि मागे एक असे दोन सरळ पाइप आडवे ठेवा, लांब जाऊन उकिडवे बसा आणि दोन्ही पाइप एका नजरेत धरा. समांतर दिसले तर चेसीला पीळ नाही. आणि हाताने चाचपून बघा: पट्टीच्या कडेला सुरकुती पडली असेल, एखाद्याच जागी रंगाचे पापुद्रे सुटले असतील, तर तिथलं लोखंड दुमडून परत सरळ केलेलं आहे. ज्यानं सरळ केलं त्यानं वर काळा रंगही मारलेला असतो. भंगारात पडलेल्या गाडीची फक्त चेसीच नवी कोरी काळी दिसली, तर कौतुक करण्याऐवजी संशय घ्या.

पायरी चौथी: कायदा

ही पायरी खरं तर पहिली हवी होती. पण मग पुढचं कुणी वाचलं नसतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणीतला तपशील जुळेनासा होईल असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं शिक्षाही नेमून दिली: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘दर बदलामागे’ हे शब्द पुन्हा वाचा. टप कापला, हौदा बसवला, टायर रुंद घातले, बंपर लोखंडी केला. हिशेब ज्यानं त्यानं करावा.

सांगलीतल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिरानं भंगारातून, किक मारून सुरू होणारी छोटी गाडी बनवली, तेव्हा आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं आणि ती नियमात बसत नाही हेही त्याच दमात सांगितलं. बदल्यात त्या कुटुंबाला २०२२च्या जानेवारीत नवी बोलेरो मिळाली. हा प्रसंग डोळ्यांपुढे ठेवून कामाला लागू नये. प्रत्येक हौद्यामागे एक बोलेरो उभी नसते.

म्हणून ही पिकअप शेतावरची. आपल्या बांधाच्या आत, आंब्याच्या पेट्या किंवा शेणखत वाहायला. शेत नसेल तर आधी शेत घ्या. एकूण खर्चात तो आकडा तसाही उठून दिसणार नाही.

पायरी पाचवी: माणसं

मिस्त्री, डेंटर, वायरमन, लेथवाला, पेंटर. हे पाचजण एकमेकांना ओळखतात आणि एकमेकांची वाट बघतात. डेंटर म्हणतो वायरिंग निघाल्याशिवाय पत्रा कापणार नाही, वायरमन म्हणतो पत्रा कापल्याशिवाय वायर किती लागेल ते कळणार नाही. लेथवाल्याला गाठायचं तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारखी जागा नाही. मोडका बुश तळहातावर ठेवा, तो बघेल, ‘ठेवून जावा’ म्हणेल, आणि संध्याकाळी मूळच्यापेक्षा बरा बुश हातात देईल. पेंटरला आत्ताच सांगून ठेवा. तो बुधवारी येतो. कुठल्या, ते विचारायचं नाही.

पायरी सहावी: कापणे

इथपर्यंत आलेला माणूस ग्राइंडर हातात घेण्यासाठी आसुसलेला असतो. थांबा. पेट्रोलची टाकी आधी उतरवा आणि गॅरेजच्या बाहेर दूर ठेवा. ‘रिकामीच आहे’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त वाईट, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात. बॅटरीच्या तारा सोडवा, नाहीतर वेल्डिंगच्या करंटनं अल्टरनेटर जाईल, आणि एमपीएफआयवाली असेल तर तिचा मेंदूही. डोळ्यांवर चष्मा हवा, प्लॅस्टिकचा, बाजूनं बंद असलेला. गॅरेजमधल्या पोऱ्याच्या डोळ्यांवर तो नसेल. त्यालाही आणून द्या. ग्राइंडरचं गार्ड कोपऱ्यात धूळ खात पडलेलं असेल, तेही परत बसवा. चार लोक हसतील. हसू द्या.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. समोरच्या सीटांच्या मागे आडवा काप घेण्याआधी दोन्ही दरवाजांच्या चौकटीत लोखंडी पाइप आडवे-तिरपे टाके मारून पक्के करा. बॉडी मागच्या भागाच्या आधारानं ताठ उभी असते. तो भाग गेला की चौकट नकळत फाकते, आणि मग दरवाजा एकतर लागत नाही किंवा लागला तर उघडत नाही. हे पाइप केबिनची मागची भिंत पूर्ण जोडून होईपर्यंत काढायचे नाहीत. तोवर केबिनमध्ये काचेच्या जागेतून शिरावं लागतं. वय आणि पोट यांचा अंदाज घेऊन ठरवा.

कापताना पायाखालचा पत्रा तपासा. मॅट उचलला की कोबा दिसला, तर ती सोय नव्हे, तो गंज आहे. गाडी मालवण-देवगडकडची असेल तर मॅट उचलायचीही गरज नाही. वर ठिगळ लावून लांबी भरू नये. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापत जावं आणि मग नवा पत्रा जोडावा. वेल्डिंग सीओटूनं, आणि एका दमात रेघ ओढायची नाही: इथे एक टाका, तिथे एक टाका, मधे हात लावून बघण्याइतकं थांबणं. एक मिलिमीटरचा पत्रा सलग तापवला की त्याला लाटा येतात, आणि त्या लाटा बुजवायला परत लांबीच भरावी लागते.

पायरी सातवी: हौदा

सगळे म्हणतील तीन मिलिमीटरची चेकर्ड प्लेट टाका, रुबाब येतो. थोडं गणित करा. तीन मिलिमीटरच्या लोखंडी पत्र्याचं वजन चौरस मीटरला साडेतेवीस किलोच्या आसपास. चार बाय चार फुटांचा तळ पस्तीस किलोचा, दीड-दीड फुटाच्या दोन बाजू आणि फाळका मिळून आणखी चाळीस. म्हणजे अँगल, बिजागऱ्या आणि साखळ्या धरायच्या आधीच पाऊणशे किलो, तेही टनभर वजनाच्या गाडीच्या पाठीवर. तळाला दीड मिलिमीटरचा पत्रा घ्या, खाली आडव्या पट्ट्या द्या. रुबाबासाठी फाळक्यावर गावदेवीचं नाव लिहून घ्या, त्याचं वजन नगण्य असतं.

हौदा केबिनला चिकटवू नका. मधे इंचभर फट ठेवा. शिडीची चेसी खड्ड्यात पिळवटते, तशीच ती बनवलेली असते. केबिन आणि हौदा एकजीव केले तर पहिल्याच ओढ्यात कोपऱ्यातून पत्रा फाटतो. हौदा चेसीवर रबर ठेवूनच बसवा. चाकांच्या वर पुरेशी जागा सोडा, ॲक्सल पूर्ण वर आला तरी टायर घासायला नको. टाकी परत बसवताना पेट्रोल भरायच्या नळीला नवी वाट काढावी लागेल, तिच्यात कुठेही खोलगट वळण ठेवू नका. आणि तळाला पाणी जायला भोकं पाडा. ही भोकं सगळे विसरतात. मग पावसाळ्यात हौद्याचा हौद होतो.

पायरी आठवी: रंग

रेड ऑक्साइड मारला की गंज थांबला, असा समज आहे. रेड ऑक्साइड ओल शोषतो. तो मारून गाडी जून ते सप्टेंबर अंगणात ठेवली, तर गंज आतून शांतपणे आपलं काम करतो. प्रायमरनंतर लगोलग रंग हवा. त्यासाठी पेंटर हवा. बुधवार हवा.

रंग कुठलाही चालेल, फक्त ऑलिव्ह ग्रीन नको. तो संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. लष्करी लिलावातून घेतलेल्या जिप्सीला सर्वांत आधी तिचा स्वतःचाच रंग सोडावा लागतो.

पायरी नववी: पहिली खेप

रिकाम्या हौद्यानिशी जोरात ब्रेक मारून बघू नका. मागचं वजन उतरलंय, पण ब्रेक जुन्याच वजनाच्या हिशेबाचे आहेत. मागची चाकं आधी जाम होतात आणि शेपूट पुढे यायला बघते. हौद्यात वाळूची पोती टाका आणि मोकळ्या रानात हळूहळू वेग वाढवत अंदाज घ्या. रिकामी फार उडते असं वाटलं, तर मागचा एखादा पाटा कमी करता येतो. भरल्यावर बसते असं वाटलं, तर तोच परत घालावा लागतो. म्हणून काढलेला पाटा भंगारात देऊ नका.

एवढ्यात फोन येईल. हौदा तयार झाल्याची बातमी तुम्ही कुणालाही सांगितलेली नसली तरी आत्यापर्यंत पोचलेली असते. तिचं गोदरेजचं कपाट पेठेतल्या घरातून उपनगरातल्या फ्लॅटमध्ये न्यायचं असतं, सोबत घरघंटी, दोन पिंपं आणि तुळशीचं वृंदावन. नाही म्हणायची पंचाईत होते. तरी शांतपणे सांगा की ही गाडी रस्त्यावर आणता येत नाही, कलम ५२ आहे, सर्वोच्च न्यायालय आहे, दर बदलामागे पाच हजार आहेत. आत्या सगळं ऐकून घेईल. मग विचारेल, ‘अरे, मग एवढा खर्च कशाला केलास?’

या प्रश्नाचं उत्तर प्रस्तुत मार्गदर्शिकेच्या कक्षेत येत नाही.