ऐच्छिक बोट

सरकारी दवाखान्याच्या खिडकीतल्या मुलीने आईचं आधी उजवं बोट मागितलं, मग डावं. मग ‘आजी, पदराला पुसा’ झालं, मग ‘थोडं ओलं करा’. यंत्र आपलं लालच. साठ वर्षं राखेने भांडी घासलेल्या बोटावर रेघा राहतात कुठे? आईला दाखवायचा होता गुडघा.

‘हे नाही केलं तर?’ मी विचारलं.

‘चालतं की काका. ऐच्छिकच आहे.’

‘मग राहू द्या.’

‘राहू द्या कसं? त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.’

ऐच्छिक! मंडळाची वर्गणी ऐच्छिक असते, पावती तेवढी पाचशे एकची आधीच फाडलेली असते. शाळेची देणगीही ऐच्छिक, प्रवेशाच्या आदल्या दिवशीपर्यंत. पण त्या बापड्यांनी आमच्या इच्छेला कधी नंबर दिला नव्हता. आधारचे 12 आकडे होतेच, आता आरोग्य खात्याचे 14. बोट हरलं म्हणून ओटीपी मागवला, तो गेला नातवाकडच्या फोनवर, नातू कॉलेजात. तो आकडा त्याने कळवल्यावर पडद्यावर एक चौकोन आला : ‘मी स्वेच्छेने संमती देत आहे.’ त्यावर टिचकी मुलीनेच मारली. आईची स्वेच्छा तिकडे परस्पर व्यक्त झाली, आई इकडे पंख्याकडे बघत होती.

राज्यातल्या बऱ्याच सरकारी दवाखान्यांत केसपेपरसुद्धा फुकट झाला तो 2023 साली, मुहूर्त 15 ऑगस्टचा. उत्तम झालं, खोटं कशाला बोला. पण पूर्वी सुट्टे सरकवले आणि नाव, वय, गाव सांगितलं की काम व्हायचं. नाव खोटं सांगितलं तरी औषध खरंच मिळायचं. चारचौघांत सांगता येत नाही असलं दुखणं घेऊन शेजारच्या तालुक्यात जाणारी बाई त्या खोट्या नावाच्या आडोशाला उभी असायची. तो आडोसा कुणी काढून नेला? आणि कुणासाठी? नोटा मोजून खासगीत जाणाऱ्याला कुणी बोट ओलं करायला सांगत नाही. तो ‘नाही’ म्हणतो, वर त्याला लिंबूपाणी मिळतं. म्हणजे नकार हीसुद्धा आता विकत घ्यायची वस्तू, आणि ती कुठल्याच योजनेत बसत नाही!

शेवटी कागद निघाला. मुलगी म्हणाली, ‘पुढच्या वेळी बोट परत बघू हं, आजी.’

‘बघ की बाई,’ आई म्हणाली, ‘नाहीतर इथंच ठेवून जाऊ का? गुडघा तेवढा मी घेऊन येईन.’