पोट साफ होतंय ना?

मराठी माणसाच्या चेहऱ्यावर फोड आला की पहिली चौकशी पोटाची होते. ती कुठे करावी, कुणादेखत करावी, याला धरबंध नाही. भाच्याच्या लग्नात आमरसाची वाटी पुढे करता करता मावससासूबाईंनी मला खणखणीत आवाजात विचारलं, "काय गं, पोट साफ होतंय ना?" शेजारच्या पानावरचे अनोळखी गृहस्थसुद्धा पुरी हातात धरून उत्तरासाठी थांबले. मी "हो" म्हटल्यावर त्यांनी ती पुरी खाल्ली.

पोटानंतर नंबर उष्णतेचा. सब्जा घे, गुलकंद खा, धन्याजिऱ्याचं पाणी पी. मग नजर. मग "फार टेन्शन घेतेस तू." मग लेप: डाळीचं पीठ आणि साय, मुलतानी माती, वाटलेली मसूर डाळ, उगाळलेलं जायफळ. ज्यांच्या घरी आता सहाण उरलेली नाही, ते टूथपेस्ट सुचवतात. एवढी लांबलचक यादी, पण माझं वय 46 आहे आणि पाळी कधी पंधरा दिवसांनी तर कधी दोन महिन्यांनी येते, या साध्या गोष्टीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. बद्धकोष्ठ हा आमच्याकडे कौटुंबिक विषय आहे. पाळी जाणं हा विषयच नाही. आणि माझी हनुवटी नेमकी तीच बातमी रोज सकाळी ठळक टायपात छापून काढत होती.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे कारण शोधायला मला लांब जावं लागलं नाही. चाळिशीनंतर शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होत जातं, पण तेही सरळ उतरत नाही. आज वर, उद्या खाली. अँड्रोजेन मात्र सावकाश ओसरतात. घरातली वडीलधारी बाई गावाला गेली की पोरांचं फावतं, तसं त्यांचं फावतं, आणि चेहऱ्यावरच्या तैलग्रंथी तर त्यांच्याच तालावर नाचणाऱ्या. म्हणून या वयातले मुरूम बहुधा कपाळ सोडून हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेकडेने येतात. खोल बसतात, ठणकतात आणि दिवसेंदिवस तोंडच काढत नाहीत. वर त्याच सुमाराला कातडी कोरडी पडायला लागते. त्यामुळे बोटभर जागेत फोड आणि सुरकुती एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसतात. सोळाव्या वर्षी निदान एका वेळी एकच संकट होतं.

गालांचं प्रकरण निराळं. ते अचानक तापायचे, चुरचुरायचे, बारीक पुरळ उठायचं. सावळ्या रंगावर लाली चटकन उठून दिसत नाही, त्यामुळे ज्याने त्याने आपापल्या सोयीचा अर्थ काढला. नवरा म्हणायचा, "आता काय झालं चिडायला?" चिडलेली नसायचे, पण या प्रश्नानंतर व्हायचे. मुख्याध्यापकांनी बीपी तपासून घ्यायला सांगितलं. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गालाला हात लावून विचारलं, "फेशियल केलंस का गं? छान ग्लो आलाय." तो ग्लो त्या वेळी तव्याइतका भाजत होता.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी भिंगातून न्याहाळून सांगितलं की चेहऱ्यावर दोन स्वतंत्र संस्थानं आहेत. हनुवटीवर मुरूम, गालांवर रोझेशिया. मुरमांत रंध्रं बुजून काळी-पांढरी टोकं तयार होतात, रोझेशियात ती नसतात. तिशी ते पन्नाशी हा त्याचा आवडता काळ. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "नाव गोड आहे हो. एखाद्या मुलीचं ठेवण्यासारखं."

मग पथ्यं. दारू टाळा, ती धरलेलीच नव्हती, त्यामुळे हा विजय फुकटात मिळाला. तिखट कमी करा. म्हणजे मिसळीच्या दुकानात जाऊन दहीभात मागवा. चहा कोमट प्या. कोमट चहापेक्षा मला लाल गाल परवडतात, हे मी तिथल्या तिथे सांगून टाकलं. ऊन टाळा, डोंबिवलीत, मे महिन्यात, रिक्षाच्या रांगेत. राग टाळा, दहावीचे सराव पेपर तपासणाऱ्या बाईने. आणि शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "गॅससमोर फार वेळ उभं राहू नका, धगीने वाढतं." बाकी सगळं मी तोंडी ऐकून घेतलं. हे एक वाक्य मात्र त्यांच्याकडून सही-शिक्क्यासह लिहून घेतलं आणि घरी फ्रीजवर लावलं. घरच्यांनी ते वाचलं, हळहळ व्यक्त केली आणि जेवायला काय आहे ते विचारलं.

रोझेशियाबद्दल वाचताना मला माझ्या भाडेकरूंचा पत्ता लागला. डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे जवळपास प्रत्येक मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर राहतात. लांबी मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. दिवसा केसांच्या मुळाशी डोकं खाली करून पडून असतात, रात्री वर येतात, हिंडतात, जोडीदार गाठतात. रोझेशिया असलेल्यांच्या चेहऱ्यावर त्यांची वस्ती जरा जास्तच दाट सापडते. म्हणजे मी साडेदहाला दिवा मालवून घोरायला लागते तेव्हा माझ्या गालावर कुणाची तरी तारुण्याची रात्र सुरू होते. त्यांच्यावर आयव्हरमेक्टिनचं मलम असतं. जंतांवर आणि खरजेवर ज्याच्या गोळ्या देतात, तेच औषध. "सौंदर्यासाठी खरजेचं औषध लावते," हे वाक्य आयुष्यात कधी म्हणावं लागेल असं वाटलं नव्हतं.

रोझेशिया बायकांना जास्त होतो, पण नाक फुगून बटाट्यासारखं होण्याचा त्याचा जो प्रकार, तो बहुतेक पुरुषांच्या वाट्याला येतो. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात घिर्लांडायो या इटालियन चित्रकाराचं 1490 च्या सुमाराचं एक चित्र आहे. लाल अंगरख्यातले आजोबा, त्यांच्या नाकावर ही भलीमोठी टेंगळं, आणि मांडीशी बिलगून त्या चेहऱ्याकडे एकटक बघणारा गोड नातू. जग ते चित्र बघायला तिकीट काढून जातं. पुरुषाला झालं तर लूव्र, बाईला झालं तर डाळीचं पीठ.

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना मात्र डाळीच्या पिठात रस नाही, त्या थेट ट्यूब घेऊन आल्या. "मेडिकलमधून आणलीये. आठ दिवसांत चेहरा काचेसारखा होतो." मी पाठीमागचं बारीक अक्षर वाचलं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. यातलं शेवटचं स्टिरॉइड. सुरुवातीला खरंच चेहरा काचेसारखा होतो. पुढे कातडी पातळ होते, लव वाढते, आणि ट्यूब बंद केली की गाल पेट घेतल्यासारखे लाल होतात, पुरळ उठतं. म्हणून माणूस पुन्हा ट्यूबकडे धावतो. रोझेशिया नसलेल्यालाही तो करून देण्याची ही खात्रीची वाट. हे आपल्याकडे इतकं झालं की भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्या चेहऱ्याला स्वतंत्र नावच दिलं: टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस. चिठ्ठीशिवाय विकू नये असा इशारा ट्यूबवर छापलेला असतो. तो मेडिकलवाला सोडून कुणालाही वाचता येतो.

माझ्या वाट्याला आलं ॲझेलेइक आम्ल. ते गहू-जवसारख्या धान्यांतही असतं आणि मुरूम व रोझेशिया दोन्हींवर चालतं, म्हणजे दोन्ही संस्थानांचा एकच दिवाण. लावल्यावर अर्धा तास चेहऱ्याला खाज सुटते, पण जाहिरातीत बाई खाजवताना दाखवत नाहीत. जोडीला स्पायरोनोलॅक्टोनची गोळी. मुळात ही रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी; ती अँड्रोजेनला तैलग्रंथींच्या दारातच अडवते. मेडिकलमधला पोरगा चिठ्ठी बघून कळवळला. "काकू, बीपी सुरू झालं का?" मी म्हटलं, "नाही रे, मुरूम." त्याने चिठ्ठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सवयीने म्हणाला, "सोबत पोट साफ व्हायचं चूर्ण देऊ का?"

सगळ्यांत कामाचा सल्ला मिळाला तो वर्गातून. दहावीतली एक मुलगी, तिची हनुवटी आणि माझी हनुवटी त्या आठवड्यात अगदी जुळ्या होत्या. वही दाखवायला आली आणि हळूच म्हणाली, "बाई, डॉक्टरांनी बेंझॉइल पेरॉक्साइड दिलं तर उशीचा अभ्रा पांढरा घ्या. माझ्या निळ्या अभ्र्यावर डाग पडले, आई अजून ओरडते." एवढ्या सगळ्या मोठ्या माणसांत माझ्या पोटाविषयी न विचारणारी ही पहिलीच.

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मानवी प्रजनन आहे. पुष्कळ शाळांत तो धडा "घरी वाचून या" या सदरात मोडतो. मी शिकवते. मुलं त्या तासाला बाकावर कोरलेली नावं अतिशय मन लावून वाचतात. ऋतुचक्र झालं, संप्रेरकं झाली, रजोनिवृत्तीची ओळ झाली, आणि याच मुलीने हात वर केला.

"बाई, तेव्हा पण मुरूम येतात का?"

आख्खा वर्ग बाकावरून नजर उचलून माझ्या हनुवटीकडे बघायला लागला.

"येतात," मी म्हटलं. "बोर्डाला येत नाहीत."